हायड्रॉलिक प्रेस: डिस्प्लेवर १५०, काट्यावर १५३, आणि पंप बंद असताना १.९

प्रश्न
प्रेसवर ०–२५० बारचा, दोन वायरींचा ४–२० मिलिअँपिअर ट्रान्समीटर आहे (दाब मोजून शून्याला ४, २५० बारला २० मिलिअँपिअर करंट देणारा), अचूकता फुल स्केलच्या ०.५ टक्के. शेजारी १.६ क्लासचा (चूक फुल स्केलच्या १.६ टक्क्यांपर्यंत) काट्याचा गेज. लोडवर पीएलसी (मशीनचा कंट्रोलर) १५० दाखवतो, काटा १५३. पंप बंद केला तरी डिस्प्लेवर १.९ बार राहतात. मोटर चालू असताना आकडा ३-४ बारने नाचतो. ट्रान्समीटर बदलावा का?

उत्तर १
आधी काट्याच्या तबकडीवरचं एकक वाचा. आपल्याकडचे बरेच गेज केजी प्रति चौ. सेंमी.मध्ये असतात. १ बार म्हणजे १.०१९७ केजी, म्हणजे १५० बारला काटा १५३ वरच यायला हवा. शिवाय १.६ क्लास म्हणजे २५० वर ४ बारची सूट, ट्रान्समीटरची १.२५ बार. दोन्ही बरोबर असूनही पाचेक बारचा फरक पडू शकतो. काट्याला प्रमाण मानून पीएलसीचं स्केलिंग (करंटचे बार करायचं गणित) फिरवू नका.

उत्तर २
१.९ चं मूळ मिलिअँपिअरमध्ये शोधा. पंप बंद म्हणजे दाब शून्य, असं मुळीच नाही. अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी टाकी) असेल तर त्यातलं तेल टँकला सोडून लाइन पूर्ण मोकळी करा, नट त्यानंतरच सैल करा. मग मिलिअँपिअर मीटर ट्रान्समीटरच्या वायरीत सिरीजमध्ये लावा. ४.०० आले तर चूक स्केलिंगची. ४.१२ आले तर ट्रान्समीटरचीच, कारण ०.१२ भागिले १६ गुणिले २५० म्हणजे १.८७५ बार.

इनपुट कार्ड चुकून ०–२० वर सेट असतं तर शून्याला थेट ५० बार दिसले असते, ती शंका सोडा.

नाचण्यासाठी: ट्रान्समीटर काढून लूप कॅलिब्रेटरने (ठरावीक करंट देणारं उपकरण) १२ मिलिअँपिअर द्या आणि मोटर चालू करा. १२५ स्थिर राहिले तर वायरिंग ठीक. नाचले तर केबल व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) पॉवर केबलपासून वेगळी न्या आणि शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करा. दोन्हीकडे केली की शील्डमधूनच करंट वाहतो.

प्रश्नकर्ता
काट्यावर केजीच आहे. लाइन मोकळी करून ४.१२ आले. १२ दिल्यावर मोटर चालू असतानाही १२५ स्थिर.

उत्तर २
म्हणजे शून्य ट्रान्समीटरमध्ये सरकलंय आणि नाचतोय तो खरा दाब. ९ पिस्टनचा पंप १४४० आरपीएमवर सेकंदाला २१६ ठोके देतो. डिस्प्लेच्या आकड्याला २०० मिलिसेकंदांचा फिल्टर पुरे. ट्रिपसाठी (दाब वाढल्यावर मशीन थांबवण्यासाठी) मात्र कच्चाच सिग्नल वापरा, आणि जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हला सेन्सर हा पर्याय नाही.

उत्तर ३
ऑफसेट टाकून (आकड्यातून १.९ वजा करून) मोकळं होऊ नका, शून्य का सरकलं ते बघा. सोलेनॉइड व्हॉल्व्ह झटक्यात बंद झाला की काही मिलिसेकंदांसाठी दाब कितीतरी वर जातो. पीएलसीच्या स्कॅनमध्ये तो सापडत नाही, पण ट्रान्समीटरमधला डायफ्रॅम (दाब झेलणारा पातळ पडदा) ताणला जातो. स्नबर (दाबाचे झटके थोपवणारं बारीक छिद्राचं फिटिंग) बसवा, किंवा टॅपिंग (ट्रान्समीटर जोडायची जागा) व्हॉल्व्हपासून लांब घ्या. पुढच्या वेळी ०–४०० बारचा ट्रान्समीटर घ्या. ०.५ टक्के म्हणजे तेव्हा २ बार, प्रेसला चालेल.

बसवताना जी १/४ समांतर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे सील वॉशर करतो, आटे नव्हे, आणि टेपचा तुकडा सुटला की स्नबरचं बारीक छिद्रच बुजतं. पाना षटकोनावर लावा, बॉडी धरून फिरवू नका.

उत्तर १
१.९ कायमचा ऑफसेट धरला तर खरा दाब १४८.१ बार, म्हणजे काट्यावर १५१. उरलेले २ केजी काट्याच्या सुटीत बसतात. आज बदलायची गरज नाही. दर महिन्याला लाइन मोकळी करून शून्याचा करंट तारखेसह लिहा. ४.१२ वर थांबला तर ऑफसेट चालेल. ४.२०, ४.३० असा चढत गेला तर डायफ्रॅम संपत आलाय, तेव्हा बदला.