मदत हवी आहे: रक्तात मायक्रोफायलेरिया (जंतांची सूक्ष्म पिल्लं), पण हार्टवर्मची (हृदयातल्या जंताची) अँटिजेन टेस्ट निगेटिव्ह

कुत्रा कोली क्रॉस, नर, ५ वर्षांचा, २२ किलो. बदलीमुळे तो आमच्यासोबत गुवाहाटीत होता, आता पुण्यात आहोत. तिथे रात्री अंगणात झोपायचा आणि डास भरपूर. गोचिडांची गोळी नियमित होती, पण ती डासांमुळे होणाऱ्या हार्टवर्मसाठी नसते. हार्टवर्मचं दर महिन्याचं प्रतिबंधक औषध कधी दिलेलं नाही.

इथे दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं, तेव्हा स्लाइडवर मायक्रोफायलेरिया दिसले. लगेच केलेली हार्टवर्मची अँटिजेन किट टेस्ट निगेटिव्ह. खोकला नाही, धाप नाही, खाणंपिणं उत्तम. छातीचा एक्स-रे डॉक्टरांना ठीक वाटला. इको (हृदयाची सोनोग्राफी) केलेला नाही. अर्लिकिया (गोचिडांमुळे होणारा आजार) निगेटिव्ह.

डॉक्टर म्हणतात, हे कातडीखाली राहणाऱ्या डायरोफायलेरिया रेपेन्स या दुसऱ्या जंताचे असू शकतात. पटतं. पण ही किट प्रौढ मादी हार्टवर्मचं अँटिजेन (तिच्या अंगातून रक्तात येणारं प्रथिन) पकडते, त्यामुळे जंत थोडे असतील किंवा अँटिजेन प्रतिपिंडांनी बांधलं गेलं असेल तरी निगेटिव्ह येऊ शकते, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून रक्तातला सीरम तापवून पुन्हा टेस्ट, नाहीतर पीसीआर (डीएनएवरून जंत ओळखणारी टेस्ट) असा सल्ला आहे. आमच्या नेहमीच्या लॅबमध्ये यातलं काहीच होत नाही. कोली जातीत आयव्हरमेक्टिन या जंतांच्या औषधाची विषबाधा होऊ शकते, त्यामुळे ते अंदाजाने द्यायला डॉक्टर तयार नाहीत, मीही नाही. कृपया डोस सुचवू नका.

पुण्यात किंवा मुंबईत मायक्रोफायलेरियाची जात ओळखणारी पीसीआर किंवा नॉट (Knott, सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लं ओळखणारी) टेस्ट कुठे होते? रक्ताचा नमुना ईडीटीए ट्यूबमध्ये (रक्त गोठू न देणाऱ्या) कुरिअरने चालतो, की कुत्र्यालाच न्यावं लागतं?