रीफ टँकसाठी सॉल्ट: ८ डीकेएच घ्यावं की १२ डीकेएच?

वाघोली_रीफ
२०० लिटरचा रीफ टँक आहे, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल ठेवायचा. कोरलमध्ये झोआ, मशरूम, दोन हॅमर. पुढे एखादी मॉन्टीपोरा (कडक सांगाड्याची कोरल) ठेवायची आहे. अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, मोजायचं एकक डीकेएच) ७.८ डीकेएच, कॅल्शियम ४२० पीपीएम. दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलतो. दुकानात सांगतात, रेड सी कंपनीचं निळ्या बादलीतलं साधं समुद्री सॉल्ट नको, त्यांचंच कोरल प्रो घ्या, कोरल झपाट्याने वाढतात. खरंच एवढा फरक पडतो का? आणि सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी येतं, तर किचनमधल्या आरओचं पाणी चालेल का?

सिंहगडरोड_एसपीएस
तुमच्या टँकला निळी बादलीच घ्या. तिची अल्कलिनिटी ८ डीकेएचच्या आसपास असते, कोरल प्रोची १२ च्या आसपास. नैसर्गिक समुद्राची साधारण ७.

आता हिशेब बघा. १२ चं सॉल्ट वापरून १०% पाणी बदललंत तर टँकची अल्कलिनिटी जेमतेम ०.४ ने वाढते. कोरल भरलेला टँक तेवढी एक-दोन दिवसांत खातो. म्हणजे डोसिंग (अल्कलिनिटी वेगळी घालत राहणं) टळत नाहीच. उलट कधी अडचणीत ४०% पाणी बदलावं लागलं, तर एका झटक्यात १.७ ची उडी. नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ असलेल्या टँकमध्ये अशा उडीने एसपीएसची (मॉन्टीपोरासारख्या बारीक पॉलिपच्या कडक कोरलची) टोकं जळतात.

सॉल्ट टँकच्या आकड्याशी जुळणारं घ्या आणि कमी पडेल ते डोस करा. दगड-वाळू वजा जाता तुमच्याकडे १७० लिटर पाणी असेल. त्यात १ डीकेएच वाढवायला साधारण ५ ग्रॅम खायचा सोडा लागतो. बेकिंग पावडर अजिबात नको. सोडा आरओच्या पाण्यात विरघळवून, जोराच्या प्रवाहात हळूहळू सोडा. एका दिवसात १ डीकेएचच्या वर जाऊ नका.

कोथरूड_डीआय
सॉल्टच्या ब्रँडपेक्षा पाण्याची काळजी आधी करा. किचनच्या आरओला बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो; चव राहावी म्हणून तो कच्चं पाणी थोडं परत मिसळतो. शिवाय मिनरल कार्ट्रिज. ते पाणी पिण्यासाठी उत्तम, रीफसाठी नाही. मेम्ब्रेनमधून निघालेलं पाणी या दोन्हींच्या आधी वेगळं काढा आणि पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा) टप्पा जोडा. शेवटी टीडीएस ० यायला हवा.

बोअरच्या पाण्यात सिलिका बऱ्यापैकी असू शकते. रेझिन संपत आलं की सर्वांत आधी सिलिका निसटते, आणि तेव्हा मीटर अजून ० च दाखवत असतो. काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर परत परत यायला लागला तर मीटरवर विसंबू नका, रेझिन बदला. रंग बदलणारं रेझिन घेतलंत तर ते किती संपलंय याचा अंदाज येतो. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असतं, त्यावर रेझिन कितीतरी जास्त टिकतं. पण त्यात क्लोरिन असतं, म्हणून मेम्ब्रेनच्या आधी कार्बन ब्लॉक हवाच.

वाघोली_रीफ
धन्यवाद दोघांनाही. अजून एक. मिसळलेलं पाणी दुधाळ राहतं आणि बादलीच्या तळाला पांढरी कचकच बसते. सॉल्ट खराब आहे का?

सिंहगडरोड_एसपीएस
ती कचकच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बादलीत आधी सॉल्ट टाकून वर पाणी ओतलं की सुरुवातीला द्रावण फार घट्ट होतं, आणि कॅल्शियम व अल्कलिनिटी एकमेकांना धरून खाली बसतात. आधी २० लिटर पाणी, त्यात पॉवरहेड (पाणी ढवळणारा छोटा पंप) सुरू, मग सॉल्ट मूठ-मूठ. एकूण ७५० ग्रॅमच्या आसपास लागेल. ७०० वर थांबून मोजा, बाकीचं नंतर. खारटपणाचं लक्ष्य ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार). रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५ पीपीटीच्या द्रावणाने सेट करा. नुसत्या आरओच्या पाण्याने शून्य केलेला वरच्या आकड्याला चुकू शकतो. हीटर सॉल्ट विरघळल्यावरच लावा, २५ अंशांना.

कोथरूड_डीआय
दुसरं कारण आपल्याकडचा पावसाळा. सॉल्टमधलं कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं आणि बादलीतच तीच प्रक्रिया सुरू होते. बोटाने फुटणारे गोळे असतील तर थोडं मिसळून अल्कलिनिटी तपासा. डब्यावरच्या आकड्यापेक्षा १ डीकेएचने कमी आली तर टँकमध्ये वापरू नका. दगडासारखं झालं असेल तर टाकून द्या. नवीन बादली उघडायच्या आधी आडवी करून चांगली घोळवा, प्रवासात बारीक कण तळाला गेलेले असतात. मग एकेका वेळेपुरतं वजन करून झिप पिशव्यांत भरा आणि त्या परत बादलीत, सिलिका जेलसोबत.




वाघोली_रीफ
बादली बाल्कनीतच आहे, झाकणही अर्धवट. आजच अल्कलिनिटी तपासून आकडा इथे टाकतो.