समुद्री पर्यावरणाचा भूस्थानिक डेटा तीन संस्थांत वाटायचाय, कुठलं स्टँडर्ड घ्यावं?

खारा_वारा:
डेटा चार प्रकारचा आहे. सीटीडीचे (पाण्यात सोडून क्षारता, तापमान आणि दाब मोजणारं उपकरण) तापमान-क्षारतेचे प्रोफाइल (सध्या एक्सेलमध्ये), तळातल्या प्राण्यांचे ग्रॅब नमुने (जबड्यासारख्या उपकरणाने उचललेला गाळ), मल्टीबीम सोनारचा खोलीचा रास्टर (चौकटींत मांडलेला नकाशा) आणि अधिवासांच्या पॉलिगॉनची शेपफाइल (नकाशातल्या आकृत्यांचा जुना फाइल प्रकार). या सगळ्याला पुरेल असं एकच स्टँडर्ड आहे का? नसेल तर सुरुवात कुठून करायची?

ओहोटी:
एकच शोधत बसू नका, मिळणार नाही. आधी डेटाचा प्रकार बघा.

सीटीडीसाठी नेटसीडीएफ (वैज्ञानिक डेटाचा फाइल प्रकार) आणि त्यावर सीएफ कन्व्हेन्शन्स (त्यातली नावं, एककं लिहायचे नियम), फीचर टाइप 'प्रोफाइल'. प्रत्येक चलाला सीएफच्या यादीतलंच स्टँडर्ड नेम द्या, मनचं नको. प्रॅक्टिकल सॅलिनिटीचं (क्षारतेचं) एकक '१' लिहायचं. 'पीएसयू' लिहिलंत की तपासणीत फाइल अडते. वेळ यूटीसीमध्ये, ठरावीक तारखेपासूनचे दिवस किंवा सेकंद अशी. खोली खाली मोजली असेल तर 'पॉझिटिव्ह डाउन' स्पष्ट लिहा.

दोन चुका हमखास होतात. एक्सेलमधला -९९९ फिल व्हॅल्यू (मोजमाप नसल्याची खूण) म्हणून जाहीर न करता तसाच नेला की सरासरी कोसळते. आणि सीटीडी दाब मोजतो, खोली नाही. उथळ पाण्यात १ डेसिबार म्हणजे १ मीटर धरून निभावतं, पण ५००० डेसिबारला खोली साधारण ४९०० मीटरच भरते. दाबाचा रकाना ठेवाच, खोली त्यावरून काढून वेगळी द्या.

पॉलिकीट:
ग्रॅबसाठी डार्विन कोअर (जैवविविधतेच्या नोंदींचं स्टँडर्ड), म्हणजे डेटा ओबिसला आणि जीबिफलाही (जैवविविधतेचे जागतिक डेटासाठे) देता येतो. 'इव्हेंट' गाभ्याला ठेवा: सफर, तिच्याखाली स्टेशन, त्याखाली नमुना. प्रजातींच्या नोंदी 'ऑकरन्स'मध्ये. गाळाचा कणाकार, जैवभार, ग्रॅबचं क्षेत्रफळ, चाळणीची जाळी हे सगळं विस्तारित मापन तक्त्यात.

चाळणी ०.५ मिमीची की १ मिमीची हे लिहिलं नसेल, तर दोन संस्थांच्या घनता शेजारी ठेवणं व्यर्थ. लहान प्राणी एकीकडे अडकतात, दुसरीकडे वाहून जातात.

नाव वर्म्सशी (सागरी प्रजातींची जागतिक यादी) जुळवून त्याचा ॲफियाआयडी (त्या यादीतला क्रमांक) एलएसआयडी रूपात (कायमस्वरूपी ओळख-कोड म्हणून) जोडा. 'एसपी.' (प्रजाती ओळखलेली नाही) लावलेल्या नावाला वंशाचा आयडी द्या, मूळ लिहिलेलं नाव वेगळ्या रकान्यात जपा. शोधूनही न सापडलेली प्रजाती 'ॲबसेंट' म्हणून नोंदवा; रिकामी ओळ म्हणजे अनुपस्थिती नव्हे.

तळमोजणी:
रास्टर क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफमध्ये (इंटरनेटवरून हवा तेवढाच भाग वाचता येणारी चित्रफाइल) द्या. नौकानयनासाठी जाणार असेल तरच एस-१०२ (जलमार्ग नकाशांसाठीचं खोलीचं स्टँडर्ड) च्या वाटेला जा, पर्यावरणाच्या कामाला तो व्याप नको.

खरा घोळ उभ्या डेटमचा, म्हणजे खोली कुठल्या पातळीपासून मोजली याचा. एकाची खोली चार्ट डेटमपासून (नौकानयन नकाशांची ओहोटीची पातळी), दुसऱ्याची सरासरी समुद्रपातळीपासून. नकाशे जोडले की सीमेवर पायरी दिसते आणि कुणीतरी तिला भ्रंश समजतं. डेटम, चिन्ह (खोली धन की ऋण) आणि आडवा ईपीएसजी कोड (अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीचा क्रमांक) तिन्ही लेखी हवेत. ओव्हरव्ह्यू (रास्टरच्या लहान प्रती) बनवताना वर्गांच्या रास्टरला 'निअरेस्ट'च (जवळच्या चौकटीचीच किंमत घेणारी पद्धत) वापरा, नाहीतर वाळू आणि खडक यांची सरासरी निघून तिसराच वर्ग उगवतो.

शेपफाइल सोडा, जिओपॅकेज (तिच्या जागी वापरायचा एकाच फाइलचा नवा प्रकार) घ्या. शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव १० अक्षरांवर कापलं जातं, तारखेच्या रकान्यात वेळ मावत नाही, फाइल २ जीबीत अडते.

खारा_वारा:
आणि मेटाडेटा? शिवाय तिघांचे गुणवत्ता फ्लॅग (मोजमाप किती विश्वासार्ह ते सांगणारे आकडे) वेगळे आहेत.

ओहोटी:
मेटाडेटा (डेटाविषयीची माहिती) आयएसओ १९११५ प्रमाणे. एक्सएमएल १९१३९ चा की नव्या १९११५-३ चा, हे तिन्ही कॅटलॉगना आधी विचारा. जुने अजूनही १९१३९ च ओढतात. 'लिनिएज' (डेटा कसा तयार झाला त्याचा इतिहास) मोकळं सोडू नका, उपकरण आणि कॅलिब्रेशनची तारीख तिथेच जाते. परवाना सीसी-बाय की सीसी-झिरो तेही नोंदवा.

फ्लॅगचं प्रकरण नाजूक. क्वार्टॉड (अमेरिकी फ्लॅग पद्धत) मध्ये २ म्हणजे 'तपासलं नाही', सीडेटानेट (युरोपीय पद्धत) मध्ये २ म्हणजे 'बहुधा चांगलं'. नुसता आकडा पाठवला तर न तपासलेला डेटा चांगला ठरतो, आणि कुठलीही तपासणी ते पकडत नाही. नेटसीडीएफमध्ये फ्लॅग व्हॅल्यूज आणि फ्लॅग मीनिंग्ज दोन्ही भरा. मूळ फ्लॅग न पुसता रूपांतरित फ्लॅग शेजारी वेगळा ठेवा.

मोजमापांच्या नावांना एनव्हीएसच्या (सागरी संज्ञांचा ऑनलाइन कोश) पी०१ यादीतले कोड लावा, एककांना पी०६ मधले. काम किचकट आहे, पण 'टेम्प' नावाचे तीन रकाने जुळवण्यापेक्षा सोपं.

तळमोजणी:
वेब सेवेचं एक राहिलं. डब्ल्यूएमएस (वेबवरून नकाशे देणारी सेवा) १.३.० मध्ये ईपीएसजी ४३२६ (साधे अक्षांश-रेखांश) मागितला की अक्षांश आधी येतो, १.१.१ मध्ये रेखांश. थर भलतीकडे दिसला तर डेटा उकरण्याआधी आवृत्ती बघा. जिओजेसनमध्ये (वेबवर वापरायचा नकाशा-डेटाचा मजकूर प्रकार) मात्र कायम रेखांश आधी.

पॉलिकीट:
सगळं एकदम रूपांतरित करू नका. एका स्टेशनचा चारही प्रकारचा डेटा घ्या, तिन्ही संस्थांकडे उघडून बघायला पाठवा. नेटसीडीएफ सीएफ चेकरमधून, डार्विन कोअर जीबिफच्या व्हॅलिडेटरमधून काढा. तिघांकडे अक्षांश, खोली आणि एकक एकच वाचलं गेलं की मगच बाकीच्या फाइली हातात घ्या.