मदत हवी आहे: काजू लागवडीचं अनुदान आणि सामाईक सातबारा

राम राम मंडळी. आजऱ्याकडं आमचा एकरभर माळ आहे. तिथं ऊस येणार नाही (वडिलांना अजून पटत नाही, ते सोडा), म्हणून वेंगुर्ला-४ जातीचा काजू लावायचा विचार आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान ५०, ३० आणि २० टक्के असं तीन वर्षांत मिळतं, दुसऱ्या वर्षी ८० टक्के झाडं जगलेली लागतात, एवढं वाचलंय. घोडं अडलंय सातबाऱ्यावर. तो सामाईक, आणि चुलतभाऊ मुंबईला. त्याचं संमतीपत्र स्टॅम्पपेपरवरच लागतं का? महाडीबीटीवर (सरकारी योजनांचं ऑनलाइन पोर्टल) असा अर्ज कुणी भरलाय? आणि कृषी खात्याच्या पूर्वसंमतीआधी खड्डे काढले तर अनुदान अडकतं का? जेसीबीवाला परवा येतो म्हणतोय, त्याला थांबवू का तेवढं आधी सांगा.