बुखारीचा धूर, सीओपीडी आणि अपंगत्व निवृत्तिवेतन

प्रश्न (हवालदाराचा मुलगा, सातारा):
माझे वडील १९८७ साली पायदळात भरती झाले आणि २०११ साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. सियाचीन आणि द्रास येथे असताना बंद झोपडीत रात्रभर रॉकेलची बुखारी (खोली गरम ठेवणारी शेगडी) पेटलेली असे व सकाळी नाक शिंकरले की रुमालावर काजळी उमटे, असे ते सांगतात. निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाने सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा आजार) व ३० टक्के अपंगत्व नोंदवले. मात्र वडिलांनी पूर्वी विडी ओढल्याचे प्रामाणिकपणे सांगितल्यामुळे, आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेने बळावलेलाही नाही, असा शेरा मारला. आता जिना चढताना त्यांना दोनदा थांबावे लागते. इतक्या वर्षांनी अपंगत्व निवृत्तिवेतनाचा दावा करता येईल का?

उत्तर १ (छातीरोगतज्ज्ञ, पुणे):
विडीमुळे धुराचा दोष पुसला जात नाही, उलट दोन्हींचा मारा एकाच श्वासनलिकांवर होतो. विरळ हवेत रॉकेल अर्धवट जळते आणि थंडीमुळे दार उघडता येत नाही, त्यामुळे काजळीचे सूक्ष्म कण रात्रभर श्वासात जातात. धूम्रपान न करणाऱ्यांनाही होणाऱ्या सीओपीडीविषयी आपल्या पुण्याचे छातीरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी ब्रिटिश तज्ज्ञ पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर लिहिले आहे. अर्जात केवळ उंच ठिकाणच्या नेमणुकीवर भर देऊ नका; बुखारीजवळ किती महिने आणि रोज किती तास काढले, ते लिहा.

उत्तर २ (निवृत्त सुभेदार, लिपिक शाखा):
एका सैनिकाच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाच्या, २०१३ च्या धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत उद्भवला असे गृहीत धरावे आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार शासनावर राहतो. शिवाय या निवृत्तिवेतनाच्या १९८२ च्या नियमांच्या (२००८ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) परिशिष्टात हवामानाचा परिणाम होणाऱ्या आजारांमध्ये ब्रॉन्कायटिस (श्वासनलिकांचा दाह; त्याचा दीर्घकालीन प्रकार सीओपीडीत मोडतो) होता, हे वकिलांच्याही अनेकदा नजरेतून सुटते. आधी मंडळाच्या कार्यवाहीची प्रत आणि नेमणुकांची नोंद अभिलेख कार्यालयातून मागवा, अपील करा, आणि ते फेटाळले गेल्यास सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जा. उशिरामुळे हक्क बुडत नाही; थकबाकी मात्र साधारणपणे अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, म्हणून आणखी वेळ दवडू नका.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मंडळाची प्रत घरातल्या ट्रंकेत सापडली. तिच्यात विडीचा उल्लेख दोन ठिकाणी आहे. बुखारीचा एकदाही नाही.