लार्चची रोपं थंडीनं नव्हे, उबेनं गेली

तुमची दाहुरियन लार्चची (सायबेरियातलं, हिवाळ्यात सुया गाळणारं सूचिपर्णी झाड) काही रोपं मेली, आणि ती अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या थंडीनं गेली असणार, असं म्हटलं गेलंय. मला हे पटत नाही. हे झाड रशियाच्या उत्तर टोकाकडच्या तैमिर द्वीपकल्पावर ७२ अंश उत्तर अक्षांशाच्याही पुढे उभं आहे, उणे ३० अंशांची थंडी त्याला जड नाही. घात होतो तो एप्रिलमधल्या चार उबदार दिवसांनी. हा लार्च फार लवकर जागा होतो.

माझ्या कुंड्या दक्षिणेच्या भिंतीशी होत्या. पोपटी, मऊ सुयांचे झुबके फुटले आणि एका रात्रीच्या गारठ्यात काळे पडून लोंबले. जीव हळहळला. पुढच्या वर्षी बियांपासून पुन्हा सुरुवात केली, कुंड्या गॅरेजच्या उत्तरेला ठेवून वर बर्फ लोटला. फुटवा उशिरा आला, पण टिकला. उरलेली रोपं आजच सावलीत हलवा.