टॅलबटची दुसरी बाजू
ब्रिटिश कॉमिक्सकार ब्रायन टॅलबटला बरेच जण ‘ल्यूथर आर्कराइट’ या कॉमिकवाला विज्ञानकथांचा चित्रकार म्हणतात. ते खरंच आहे. रेघारेघांनी गच्च भरलेली ती काळी-पांढरी पानं, ध्वनिदर्शक शब्द नाहीत की विचारांचे फुगे नाहीत, हे त्या काळी धाडसच होतं. पण तेवढ्यावर थांबलं तर त्याच्यावर अन्याय होतो.

‘द टेल ऑफ वन बॅड रॅट’ जरूर वाचा. वडिलांच्या लैंगिक अत्याचारामुळे घर सोडलेली हेलन ही मुलगी बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या बालपुस्तकांच्या जुन्या लेखिकेच्या पाऊलखुणांवरून इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टला पोचते. इथे त्याने शैलीच बदलली: रेषा स्वच्छ, मांडणी साधी, कॉमिक्स न वाचणाऱ्यालाही सहज कळेल अशी. विषय इतका नाजूक असताना स्वतःची कारागिरी मागे ठेवायला फार मोठं मन लागतं.

मग ‘ग्रँडव्हिल’मधला बिज्जू (बॅजर) प्राण्याच्या रूपातला डिटेक्टिव्ह आणि माझं सर्वात लाडकं ‘डॉटर ऑफ हर फादर्स आइज’. लेखन बायकोचं, मेरीचं. तिचं बालपण तपकिरी छटांत, आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसच्या मुलीची, लुसियाची कहाणी निळसर करड्या रंगात. ब्रायनने मेरीच्या आईला झालरीचा एप्रन घातला, तर मेरीने खाली तळटीप देऊन ठणकावलंय की आई असलं काही कधीच घालत नसे! 2012 चा कोस्टा चरित्र पुरस्कार (ब्रिटनमधला साहित्य पुरस्कार) याच पुस्तकाला मिळाला. नव्या वाचकाने सुरुवात इथूनच करावी.